वळणावरचा थांबा

४ जानेवारी

प्रिय मामी,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. आई अजून मला दूध कसं तापवायचं ते शिकवते, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवतेस. कागदावर मात्र मोकळी होतेस. म्हणून काम निघालं तेव्हा पत्रच लिहायचं ठरवलं.

काम असं की तुमच्या देवस्थानाच्या मंडळाने मला शहराचा इतिहास लिहायला सांगितलाय. घाट, देवळं, स्नानाचा महिना, दिव्यांची रात्र, रथाचा दिवस, सगळं त्यात यायला हवं. कॉलेजात इतिहास शिकवते आणि आजोळ तिथलं, एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली. खरी मेख पुढे आहे. गेल्या वर्षी वळणावर चेंगराचेंगरी झाली, म्हणून मंडळ रथाचे थांबे कमी करणार आहे. जुने, ज्यांना काही इतिहास आहे असे राहतील, बाकीचे गाळतील. आणि जुना कुठला, नवा कुठला, हे माझ्या लिखाणावरून ठरवणार.

वळणावरचा थांबा म्हणजे तुझ्या खिडकीखालचा. मामा गेल्यावर आम्ही तुला इकडे चल म्हणून किती विनवलं. तेव्हा तू म्हणालीस, "वर्षातून एकदा अख्खा रथ माझ्या दाराशी थांबतो. तुमच्याकडे काय थांबतं? दूधवाला." ते मी विसरलेले नाही. तो थांबा राहावा असं मलाही वाटतं. म्हणून त्याच्याविषयी तुला जे जे ठाऊक असेल ते लिही. कुणी सुरू केला, कधीपासून आहे, काहीही.

तुझी,
ठकू

११ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा फुलवालीसाठी. फुलवाली तुला आठवत असेल, वळण संपून रस्ता रुंद होतो तिथे कोपऱ्यावर तिची खोली. जन्मभर रथाचे हार तिने केले. आता अर्धं अंग गेलंय, तोंड मात्र शाबूत आहे. दुपारी तिला वाचून दाखवायला जाते. तुझं ऐकून म्हणाली, "पोरगी देवाचे थांबे ठरवणार म्हणजे मोठी झाली की गं."

इतिहास म्हणशील तर मी वाचनालयातली या शहरावरची झाडून सगळी पुस्तकं वाचली आहेत. तुझ्यासारखी शिकलेली नाही, पण तुझ्या मामांच्या दुकानात जुन्या मासिकांच्या रद्दीत खिळे बांधून यायचे, तेव्हापासून जे छापलेलं हाताला लागेल ते सोडत नाही. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. इथे सगळंच "फार पूर्वीपासून" असतं. मोठा घाट फार पूर्वीपासून, दिव्यांची रात्र फार पूर्वीपासून. पण एका पुस्तकात असं होतं की पुराच्या वर्षी काठ कुठे संपतो ते नावाड्यांना कळावं म्हणून कुणीतरी पायरीपायरीवर दिवे ठेवले, पुढे पूर ओसरला आणि दिवे राहिले. खरं असो नसो, मला पटलं. प्रत्येक प्रथेचा एक पहिला दिवस असणार, आणि त्या दिवशी ती प्रथा नसणार, कुणाची तरी सोय असणार.

थांब्याविषयी मी नवीन काय सांगणार? आठवड्यातून निदान चार वेळा माझ्या खिडकीखाली गाइड उभे राहतात आणि यात्रेकरूंना सांगतात. शेकडो वर्षांपूर्वी या घरात एक पांगळी भक्तीण राहत होती. तिला दर्शनाला जाता येईना, म्हणून देवाने आपणच रथ अडवला. हजार माणसांनी दोर ओढले तरी चाक हललं नाही. तिने डोळे भरून पाहिलं, मग रथ पुढे गेला. सांगताना त्यांचा आवाज असा भरून येतो की मीच खिडकीतून मान आत घेते, उगीच कुणी मला नमस्कार करायचा.

तेच लिही. सगळे तेच सांगतात. मला आणखी काय माहीत?

बाकी मामांच्या हाताखालचा बारक्या खाली दुकानात रंधा मारत असतो, त्या आवाजाची सोबत आहे. त्याचं नाव बारक्या आणि जिन्यात आता आडवा चढावा लागतो. वन्संना नमस्कार.

तुझी मामी

१९ जानेवारी

प्रिय मामी,

गाइडांचं लिहिते, पण एका वाक्यात. "अशी कथा सांगतात" म्हणून. तेवढ्यावर थांबा वाचेलही, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांच्या बायका त्या भक्तिणीला नारळ देतात.

पण माझं एक अडलंय. रथाच्या वाटेचं एक जुनं वर्णन मिळालं, आई शाळेत होती त्या काळातलं. त्यात देवळापासून नदीपर्यंतचा एकेक थांबा आहे. पाणपोईचा आहे, जुन्या बाजाराचा आहे. वळणावरचा नाही. रथ तिथून "सावकाश वळतो" एवढंच आहे. शेकडो वर्षांची भक्तीण आईच्या शाळेनंतर आली की काय?

आणि दुसरं. मी लहान असताना मामाला सगळे "थांबे" म्हणायचे. थांबेमास्तर, थांबेसाहेब. बाजारात लोक हाक मारायचे आणि हसायचे, मामाही हसायचा. मला वाटायचं ते त्याचं आडनावच आहे. ते का म्हणायचे, हे कुणी मला सांगितलं नाही.

मामी, तू काहीतरी झाकून ठेवते आहेस. मला थांबा वाचवायचाच आहे. पण मी कशावर उभी आहे ते मला कळू दे.

तुझी,
ठकू

२ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिहावं की नाही याचा विचार करत होते.

ती पांगळी भक्तीण मीच. आता पोटभर हस.

लग्न होऊन आले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या गावाला धड देऊळ नव्हतं, आणि इथे येऊन पडले तर जिकडे तिकडे कळस. रथाविषयी इतकं ऐकलं होतं की कधी बघते असं झालं होतं. आणि रथाला थोडे दिवस असताना घाटावर शेवाळ्यावरून पाय घसरला. मांडीपासून प्लास्टर. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, एका जागी बसलेली सून आम्हाला मिळायची कुठे. चांगल्या होत्या, पण बोलणं असं. मी मात्र रडकुंडीला आले होते. तुझ्या मामांना म्हटलं, "माझं नशीबच असलं. देव दारावरून जाणार आणि मी छताकडे बघत पडणार."

ते कधी फारसं बोलायचेच नाहीत.

आता मोगरीचं काम तुला नीट ठाऊक नसेल, कारण बायकामुलींना रथाच्या चाकाजवळ कुणी जाऊ देत नाही. रथ ओढतात शेकडो माणसं, पण त्याला वळवतात चौघंच. प्रत्येक चाकाशी एक जण. त्याच्या हातात लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा, दांडा लावलेला, तीच मोगरी. चालत्या चाकाखाली ती तिरकी घातली की रथ वळतो. सरळ घातली की जागच्या जागी थांबतो, आणि एकदा चाक सरळ मोगरीवर बसलं की ती बाजूने ठोकून सोडवेपर्यंत हलत नाही. हे काम सुतारांकडे. आणि त्याचा एक कडक नियम आहे. मोगरीवाल्याने मान वर करायची नाही. नजर चाकावर. नजर हलली की हात चुकतो, आणि चुकलेल्या हातावरून चाक जायला वेळ लागत नाही. म्हणून रथाच्या दिवशी अख्खं शहर देव बघतं आणि ही चार माणसं चाक बघतात. तुझ्या मामांनी रथातल्या देवाचं तोंड जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी ते उजव्या पुढच्या चाकाला होते. मानाची जागा, वळणाचं सगळं काम त्या चाकाचं. वन्सं तेव्हा लग्नाच्या होत्या, घरीच. त्यांनी सकाळी माझी खाट खिडकीशी ओढली, म्हणाल्या वारा येईल. रथ वळणाशी आला आणि वळता वळता थांबला. देव थेट माझ्यासमोर. मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे. खाली आरडाओरडा, दोर ओढणं, शिव्या, कशाचं काही भान नव्हतं मला. पुष्कळ वेळाने रथ हलला.

नंतर कळलं की तुझ्या मामांचा हात चुकला होता. त्यांनीच व्यवस्थापकांसमोर कबूल केलं की घराजवळ आल्यावर मान वर झाली, तिरकी घालायची ती सरळ बसली. त्यांना पुढच्या चाकावरून काढून मागच्या चाकाला टाकलं. मागच्या चाकाला काय काम, नुसतं बरोबर चालायचं. कित्येक वर्षं तिथेच ठेवलं. आणि नाव पडलं थांबे.

पुढच्या वर्षी मात्र ओढणारे त्या जागी आपोआपच थांबले. कुणीतरी म्हणालं, गेल्या वर्षी देव इथून हलेना. मग नारळ आले, मग गाइड आले, आणि माझं प्लास्टर निघालं तरी भक्तीण पांगळीच राहिली.

घरात आमची त्यावरून थट्टा चालायची. त्यांच्या हातून कप पडला, खिळा वाकडा गेला, की मी म्हणायचे, "मोगरी चुकली वाटतं." ते म्हणायचे, "हो, चुकली."

आता खरं मागणं मागते. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, छापायला नाही. छापायचं ते गाइडांचंच छाप. मला तो थांबा हवा आहे, ठकू. वर्षभर मी एकटीने चहा घेते, एकटीने दार लावते. त्या एका दिवशी सगळं शहर माझ्या माणसाच्या चुकीपाशी येऊन उभं राहतं. एवढंच उरलंय माझ्याकडे त्यांचं, जे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी जपलंय. खोटं लिहायला सांगते आहे हे कळतं मला. तरी सांगते आहे.

तुझी मामी

१५ फेब्रुवारी

प्रिय मामी,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. न विचारता वाचलं, रागावू नकोस. रथ थांबला तिथपर्यंत ती डोळे मिटून ऐकत होती. "मान वर झाली" तिथे तिने डोळे उघडले आणि मला थांबवलं.

म्हणाली, "त्याने मान वर केलीच नाही."

मी म्हटलं, म्हणजे? मग तिने सगळं सांगितलं. तिने सांगितलं तसंच लिहिते.

त्या दिवशी सकाळी मामा निघायच्या आधी तिच्याकडे आला. म्हणाला, हिची खाट खिडकीशी लाव आणि उशी उंच दे, बसती कर. आईने विचारलं, दिसणार काय तिला, रथ वळणावरून झर्रकन जातो. तो म्हणाला, तू उशी दे. बस एवढंच. रथ आला तेव्हा आई तुझ्या पाठीमागे उभी होती. तू देवाकडे बघत होतीस, ती भावाकडे. तो चाकाशी वाकलेला होता. त्याने मोगरी दोन्ही हातांनी धरली, सरळ केली आणि निजलेलं मूल खाली ठेवावं तशी चाकाखाली ठेवली. मग तसाच वाकून राहिला. लोक ओरडायला लागले, कुणीतरी त्याला मागून ढकललं, तरी त्याने वर पाहिलं नाही. तुला दिसतंय की नाही हेसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने त्याला गाठलं. तो म्हणाला, बायकोसाठी देव अडवला असं कळलं तर मला काय करायचं ते करतील, पण हिला या गावात जन्मभर बोल लावतील. त्यापेक्षा माझा हात चुकला म्हणू दे. हाताला नाव ठेवलं तर हात काही रडत नाही. आणि तिला शपथ घातली, तुलासुद्धा सांगायचं नाही म्हणून.

मी आईला म्हटलं, मग आज कशी बोललीस? तर म्हणाली, "तो गेला, त्याची शपथही गेली. आणि तिने एवढी वर्षं त्याचा हात चुकला असं समजावं हे मला आता सहन होत नाही."

मामी, हे लिहावं की न लिहावं याचा मी चार दिवस विचार केला. तुझं तुला द्यायलाच हवं होतं.

तुझी,
ठकू

१० मार्च

प्रिय मामी,

तुझं काहीच उत्तर नाही. फोन उचलतेस, "बरी आहे" म्हणतेस, ठेवतेस. आई रोज विचारते, मी चुकले का गं सांगून? तिला काय सांगू?

मंडळाला मजकूर या महिनाअखेर द्यायचा आहे. मी गाइडांची कथा चांगली सजवून लिहिली आहे. "परंपरेने असे मानले जाते" हे शब्द फार सोयीचे असतात, त्यांत काहीही मावतं. तू हो म्हण, मी पाठवते.

ठकू

१४ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

वन्संना सांग, त्या चुकल्या नाहीत. मीच त्यांना वेगळं पत्र लिहीन.

उत्तर लिहायला रोज बसत होते. बसलं की दाराकडे लक्ष जायचं. या खोलीचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून त्याच्याशी जो ठोकळा लावलेला असतो तो तू पाहिलायस. तीच ती मोगरी. पुढच्या चाकावरून काढलं तेव्हा त्यांनी ती घरी आणली आणि म्हणाले, दाराला होईल. एवढी वर्षं मी ती पायाने सरकवत आले. आता पाय लावायला धजत नाही. म्हणून दार आपटू देते.

थट्टेचं लिहिलं होतं ना तुला? शेवटी दवाखान्यात त्यांचा हात कापायचा. पाणी देताना पेला कलंडला आणि मी सवयीने बोलून गेले, "मोगरी चुकली वाटतं." त्यांना हसू आलं. चांगलं मोठं हसू. मला तेव्हा वाटलं, जुनी थट्टा आठवली म्हणून हसले. आता वाटतं, आपलं गुपित शेवटपर्यंत टिकलं म्हणून हसले असतील. त्यानंतर ते हसलेले मला आठवत नाहीत.

आधी रागही आला, खोटं कशाला बोलू. आपल्यासाठी कुणी एवढं करावं आणि आपल्याला आभार मानायलाही ठेवू नये? फुलवालीला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? ती म्हणाली, "आभार मानले असतेस तर तो व्यवहार झाला असता. गप बस." तिचं तोंड असं आहे.

तिचं आणखी एक ऐक. ती म्हणाली, "तुझं बरं, तुला वरून तोंड दिसतं. मी तळमजल्याला. जन्मभर ज्याचे हार केले त्याची मला आता चाकंच दिसतात. तुझ्या नवऱ्यासारखं."

आता थांब्याचं. तू सजवून लिहिलेलं पाठवू नकोस.

गेल्या वर्षी काय झालं ते मी खिडकीतून पाहिलं आहे. पाहिलं म्हणते, पण आधी पाहिलं नाहीच. मी हात जोडून देवाकडे बघत होते. खाली एक बाई माझ्याच भिंतीशी दाबली गेली होती. तिच्या बांगड्या फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी खाली पाहिलं. पोलिसाने तिला ओढून काढलं, वाचली. पण वळण अरुंद आहे, यात्रेकरू दर वर्षी वाढताहेत, आणि रथ थांबला की मागचे पुढच्यांवर येतात. तुझ्या मामांनी एकीला देव दिसावा म्हणून रथ थांबवला. तिथे दुसरी गुदमरली तर ती त्यांची आठवण कसली?

म्हणून असं लिही. वळणावरचा थांबा जुना नाही. एका मोगरीवाल्याचा हात चुकल्यामुळे तो पडला. बस.

तू म्हणशील की मामी, हेही खरं नाही, हात चुकला नव्हता. नव्हता. पण ते त्यांनी कुणालाही, मलासुद्धा, कळू दिलं नाही. ते मंडळाच्या छापील पुस्तकात मी कशी जाऊ देऊ? तुझ्या इतिहासात एवढी एक चूक राहू दे. ती त्यांनी फार मेहनतीने केली आहे.

तुझी मामी

३० मार्च

प्रिय मामी,

तू सांगितलंस तसंच लिहिलं. ते वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण विद्यार्थ्यांना मी वर्षभर शिकवते की माहीत असलेलं खोटं लिहू नये. आई म्हणाली, "हात चुकला म्हण."

मंडळाने मान्य केलं. पाणपोई आणि जुना बाजार, दोनच थांबे राहिले. वळणावरचा गाळला. मला वाईट वाटतं आहे. तुला त्या दिवशी एकटं वाटेल, म्हणून यावं म्हटलं तर परीक्षा आहेत. कशी राहशील ते कळव.

ठकू

१७ एप्रिल

चि. ठकूस आशीर्वाद.

काल रथ झाला. सगळं सांगते, पण तुझ्या पुस्तकासाठी नाही.

चार दिवसांपूर्वी बारक्या जिना चढून वर आला. घाम पुसला आणि दारातच उभा राहिला. तुला माहीतच आहे, तो तुझ्या मामांच्या हाताखाली तयार झाला, आता उजवं पुढचं चाक त्याच्याकडे असतं. थांबा गाळल्याचं त्याला कळलं होतं. बराच वेळ बाजारभाव, पाऊसपाणी असलं काहीबाही बोलत बसला. मग खाली बघत म्हणाला, "काकू, हात काय, कुणाचाही चुकतो."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाला, कुणी नाही. मास्तरांनी मला मोगरी शिकवली. ज्या माणसाने ती शिकवली त्याची चुकून सरळ बसेल कशी, एवढं मला काम शिकल्यावर कळलं. विचारायची हिंमत झाली नाही.

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मीच तेवढी कोरडी राहिले होते.

मी त्याला म्हटलं, इथे नको. इथे माणसं दबतात. आणि माझे पाय आता धड आहेत. ज्याला जिना उतरता येतो त्याच्यासाठी देवाने कशाला खोळंबायचं? मग त्याला घेऊन खाली गेले, फुलवालीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे रस्ता चांगला रुंद आहे, दोन्ही बाजूंना माणसांना सरकायला जागा आहे. तिच्या खोलीत नेलं. ती झोपली होती. बारक्याला म्हटलं, तिच्या उशीशी डोकं ने आणि दारातून बघ. तो एवढा मोठा गडी गुडघे टेकून वाकला, उशीशी गाल लावला, एक डोळा मिटून बघितलं. म्हणाला, दारासमोर थांबून उपयोग नाही, चाकंच दिसतील. बरंच अलीकडे थांबायला हवं, त्या दिव्याच्या खांबापाशी. तिथून वरचं सगळं दारात मावेल. तेवढ्यात फुलवालीने डोळे उघडले. गालाशी बारक्याचं डोकं. जी शिवी घातली ती लिहीत नाही.

वर येऊन मी दाराची मोगरी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट केली, अंगठ्याने धार पाहिली, म्हणाला, अजून चाकाला चावेल.

काल मी खिडकीत बसले नाही. फुलवालीला लुगडं नेसवलं, उशा उंच दिल्या आणि तिच्याजवळ बसले. ती म्हणत होती, कशाला नटवतेस, चाकं काय मला बघणार आहेत? तिला काही सांगितलं नव्हतं. वळणावर रथ सावकाश वळला, थांबला नाही. माझ्या घरावरून तो तसा जाताना ऐकला तेव्हा मी फुलवालीची उशी पुन्हा नीट केली. मग रस्त्यावर आला, दोर ताणलेले, आणि खांबापाशी येऊन उभा राहिला.

देव दारात मावला, ठकू. चौकट लावल्यासारखा.

फुलवालीचा चांगला हात गादीवर उगीच चाळवत राहिला, हार ओवताना चालतो तसा. मी तिच्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. तिच्या खाटेवरून दोन्ही एकदम दिसतं, वर तो आणि खाली चाकाशी वाकलेला माणूस. व्यवस्थापक ओरडत होते. एक जण बारक्याच्या खांद्याला धरून हलवत होता. बारक्याची मान खाली. तो जागचा हलला नाही आणि त्याने वर पाहिलं नाही. इतकी वर्षं मी खिडकीतून वरच बघत होते. खाली असं असतं हे मला काल दिसलं.

मग मोगरी ठोकून काढली आणि रथ पुढे गेला. लोक आपोआप बाजूला झाले, कुणाला धक्का लागला नाही.

संध्याकाळी बारक्याला मंडळात बोलावलं होतं. त्याने सांगितलं, हात चुकला. पुढच्या वर्षी त्याला मागच्या चाकाला टाकणार म्हणतात. तो खुशीत आहे, म्हणतो पाठीला आराम. आणि आज सकाळी भाजी आणायला गेले तर कोपऱ्यावर एक गाइड यात्रेकरूंना थांबवून सांगत होता, शेकडो वर्षांपूर्वी इथे एक फुलवाली राहत होती. आतून खरी फुलवाली ओरडली, "अजून राहते, भाडं थकवत नाही." तो दचकून पुढे गेला.

वन्संना हे सगळं वाचून दाखव. उशीचं जरा हळू वाच.

खोलीचं दार वाऱ्याने आपटतंय. बारक्या म्हणाला, ती मोगरी परत आणून देतो, नाहीतर नवीन करून देतो. मी म्हटलं, राहू दे, लागेल तुला.

तुझी मामी